तुकडा कवा देतेत?

मायचं पोट दुर्बिणीनं तपासायचं ठरलं आणि पहिली माशी शिंकली ती 'उपाशी' या शब्दावर. दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं, आजींना सकाळी उपाशीपोटी आणा. मी लातूरहून भावाला कळवलं, भावानं लोह्याजवळच्या आमच्या गावात मायला सांगितलं, आणि माय, म्हणजे आमची आई, तिनं तो निरोप आपल्या परीनं काटेकोर पाळला. नांदेडला नर्सनं विचारलं, "आजी, काही खाल्लं तर नाही ना?" माय अभिमानानं म्हणाली, "छ्या! भाकरीचा तुकडा तोंडात घातला न्हाई. निसती भगर अन् शेंगदाण्याची आमटी खाल्ली, उपासाची."

माझं डोकंच फिरलं. भरल्या दवाखान्यात मी ओरडले, "उपास वेगळा आणि उपाशी वेगळं, माय! एवढं कळत नाही?" मी शाळेत सातवीला मराठी शिकवते, त्यामुळे आवाज आपोआप शेवटच्या बाकापर्यंत जातो. बाकांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. माय मात्र शांत. "उपास धरला म्हंजी उपाशीच की," ती म्हणाली, "तुझं मराठी तुझ्यापाशी ठेव." नर्स हसली आणि म्हणाली, अशी एखादी आजी अधूनमधून येतेच. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली.

खरं तर नांदेडला यायलाच माझा विरोध होता. चार महिन्यांपासून मायच्या पोटात आग पडत होती, जेवण तुटलं होतं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. लातूरला दवाखान्यांना काय तोटा आहे? पण मायनं एकच धोशा लावला, दाखवायचं तर नांदेडलाच, त्याच दवाखान्यात, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. त्याच म्हणजे जिथं एकोणीस वर्षांपूर्वी बाबांना दाखवलं होतं तिथं. नांदेडला कितीदा आले असेन, पण त्या रस्त्यानं जायचं मी एवढी वर्षं टाळत आले होते. का, ते पुढं सांगते. आत्ताच सांगायला घेतलं तर बाकीचं राहून जाईल.

दुसऱ्या दिवशी तपासणी पंधरा मिनिटांत उरकली. घसा बधिर करायचा फवारा मारला, नळी घातली, काढली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आत जखम आहे. तिच्या कडेचा बारीकसा तुकडा घेतलाय, तपासायला पाठवतो. आठ दिवसांनी रिपोर्ट मिळेल." मग त्यांनी पुढची काळजी सांगितली आणि मी ती वहीत उतरवून घेतली. घशाची बधिरता जाईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. मग थोडं पाणी, गार दूध. आज गरम काही नाही. आठवडाभर मऊ आणि बिनतिखटाचं. घसा एक-दोन दिवस दुखेल, पोट फुगल्यासारखं वाटेल, त्याला घाबरायचं नाही. पण रक्ताची उलटी झाली, संडास डांबरासारखी काळी झाली, पोटात जोरात दुखलं किंवा ताप आला, तर थांबायचं नाही. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या आजपासून बंद. 'बंद' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या.

माय कॉटवर पडून ऐकत होती. घोगऱ्या आवाजात तिनं डॉक्टरांना विचारलं, "माझा तुकडा परत कवा देतेत?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "तुकड्याचं काय करायचंय आजी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या मनात काय असेल ते मला वाटलं मी ओळखलं. मळणीयंत्रात बोटं गेलेल्या एका माणसानं ती बोटं स्वतःच्या शेतात पुरली होती, कारण मेल्यावर अंग पुरं पाहिजे. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांचा हा असला हिशेब. मी मायला समजावलं की तो तुकडा मोहरीएवढासुद्धा नसतो, तपासून संपतो, परत-बिरत काही देत नाहीत. "बरं," माय म्हणाली. पण हे 'बरं' ऐकून घेतल्याचं होतं, पटल्याचं नव्हतं.

गावी सोडलं तर ती चौथ्या दिवशी शेतात दिसेल हे मला पक्कं ठाऊक होतं. सोयाबीनची काढणी ऐन भरात होती आणि भावाला मान वर करायला सवड नव्हती. म्हणून मी तिला लातूरला माझ्याकडे न्यायचं ठरवलं. पण नांदेडहून लातूरला जाणारी बस लोह्यावरूनच जाते, तिथंच पंचाईत. लोह्याच्या स्टँडवर बस थांबली तशी माय उठली. "मला हितंच उतरव. तिकडं सोयाबीन काढून राहिलेत अन् मी लातुरात बसून काय करू? भिंतीला टेकू देऊ?" मी तिचा पदर धरला. ती दाराकडे, मी खिडकीकडे. कंडक्टर म्हणाला, "मावशी, उतरायचंय का बसायचंय, काय ते एक ठरवा." माय बसली, पण अहमदपूर येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

लातूरला आमच्या दारात ती उंबऱ्याबाहेरच थांबली. दवाखान्यातून आलेल्या माणसाला आमच्याकडे तसंच घरात घेत नाहीत. भाकरीचा तुकडा आणि पाणी वरून उतरून टाकतात, मग आत घेतात. "भाकरतुकडा उतरून टाक," ती म्हणाली. मी दमले होते, चिडलेही होते. म्हणाले, "माय, घरात भाकरी नाही. आणि तिसऱ्या मजल्यावरून तुकडा टाकू कुठं, खालच्यांच्या गाडीवर? चल आत." ती आली. येताना एकदा मागं वळून तिनं उंबऱ्याकडे बघितलं, एवढंच.

आणि मग ते आठ दिवस सुरू झाले.

मी शाळेतून रजा घेतली होती, पण रजा कशी काढायची हे मला कुठं येतं? पायाला भिंगरी लागल्यासारखी मी तीन खोल्यांत फिरत होते. फ्रिजवर तक्ता चिकटवला: सकाळची उपाशीपोटीची गोळी, दूध, मऊ भात आणि मुगाचं वरण, रक्तवाढीची गोळी, केळ. रोज सकाळी लॅबला फोन. तिथल्या बाई रोज सांगायच्या की अजून तयार नाही, आणि पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही फोन केल्यानं तुकडा लवकर तयार होत नसतो." मलाही ते कळत होतं. तरी सहाव्या दिवशी फोन केलाच.

माय माझीच माय. तीही एका जागी बसेना. माझे डबे घासून झाले, तांदूळ निवडून झाले, न फाटलेल्या चादरीला टाके घालून झाले. मग गॅलरीतून दारापर्यंत आणि दारापासून गॅलरीपर्यंत. "हे काय लेकराचं खाणं," ती ताटाकडे बघून म्हणायची. "मीठ तरी घाल जरा." एकदा आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर आलो आणि दोघींनाही सरकायला सुचेना. नवरा पेपरच्या आडून म्हणाला, "तुमच्यातलं पेशंट कोण आहे ते एकदा ठरवा, मी त्याला पाणी आणून देतो."

तिसऱ्या दिवशी मायला मी मोरीपाशी गोळी तोंडात टाकताना पकडलं. तक्त्यात त्या वेळेला गोळी नव्हती. तिची पानसुपारीची कापडी चंची असते, तीन कप्प्यांची, दोरी गुंडाळून कमरेला खोचलेली. तपासावी म्हणून मी हात घातला, तर चिमणीएवढ्या त्या बाईनं मला असं झिडकारलं की मी दोन पावलं मागं गेले. चंची छातीशी धरून तिनं स्वतःच एका कप्प्यातून गोळ्यांची पट्टी काढली आणि माझ्या अंगावर टाकली. "घे. गुडघ्याची हाय. लोह्याच्या दुकानातनं आणती, लई वर्सं झाली. पर चंचीला हात लावायचा न्हाई."

"या गोळ्यांनीच पोटाची चाळण होते, माय! वहीत दोन रेघा ओढल्यात मी त्याखाली!"

"रेघा वढल्यानं गुडघा ऱ्हातो व्हय?"

मी पट्टी कचऱ्यात टाकली आणि रागाच्या भरात त्या दिवशी तिच्याशी बोललेच नाही. बोलले ते फक्त सकाळचा एक प्रश्न. तो मात्र मी एकही दिवस चुकवला नाही: काळी की पिवळी? मायला त्या प्रश्नाची भयंकर लाज वाटायची. "मास्तरीण झालीस तरी अक्कल न्हाई आली. असलं कुणी माणसाला इचारतं?" मी विचारायची. पाचव्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली, "काळी."

तिला चपला घालायलाही न देता मी जिन्यानं खाली नेलं, रिक्षात घातलं आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, पोट दाबून बघितलं. ते काही विचारायच्या आतच माय रडवेली होऊन बोलायला लागली, "चुकलं डाक्टरसायब. गावाकडनं येताना कारळाची चटणी आणली व्हती फडक्यात बांधून. दोन दिस खाल्ली भाताबरुबर. हिला न सांगता." डॉक्टर म्हणाले, "चटणी खायला नको होती, जखम झोंबते. पण रंग तिचा नाही. रक्तवाढीची गोळी चालू आहे ना? तिच्यातल्या लोहानं काळी होते. डांबरासारखी चिकट, घाण वासाची असती तर गोष्ट वेगळी." तरी त्यांनी रक्त तपासून घेतलं, ते ठीक निघालं.

रिक्षात माय म्हणाली, "म्हंजी उगंच कबूल केलं." आणि ती हसली. मीही हसायला गेले, पण मला रडूच फुटलं. रिक्षावाला आरशातून बघत होता तरी थांबेना. मायनं डोक्यावरचा पदर सावरला आणि रस्त्याकडे बघत बसून राहिली. तिला वाटलं असेल, पोरगी आपल्या दुखण्यानं रडते. ते खरं होतं, पण तेवढंच नव्हतं.

आता बाबांचं सांगते.

एकोणीस वर्षांपूर्वी मी नांदेडला बी.एड. करत होते. बाबांच्या पोटात दुखायचं, म्हणून त्यांना त्या दवाखान्यात दाखवलं, अशीच नळी घातली आणि असाच तुकडा घेतला. रिपोर्ट न्यायला यायची चिठ्ठी माझ्या हातात दिली, कारण शिकलेली मी आणि नांदेडात राहणारीही मीच. बाबा गोळ्या घेऊन गावी गेले. त्यांना बरं वाटायला लागलं, निदान निरोप तसा आला. रिपोर्ट न्यायचा दिवस उजाडला आणि माझा वार्षिक पाठ, म्हणजे परीक्षकांपुढे वर्ग शिकवून दाखवायची परीक्षा, दोन दिवसांवर आला होता. फळ्यावर कसं लिहायचं, कुठला तक्ता कधी लावायचा, दुसरं काही डोक्यात नव्हतं. पाठ झाल्यावर आणू म्हटलं. पाठ झाला, मग दुसऱ्या विषयाचा आला. दवाखाना माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर होता. मी गेले नाही. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी बाबांना रक्ताची उलटी झाली आणि नांदेडला आणतानाच जीपमध्ये ते गेले.

त्या कागदावर काय लिहिलं होतं ते आजपर्यंत कुणालाच ठाऊक नाही. कदाचित काही उपाय नव्हता असंच लिहिलेलं असेल. कदाचित नसेलही. डॉक्टरांनी लगेच भरती करून घेतलं असतं, कदाचित. या 'कदाचित'नं माझी एकोणीस वर्षं खाल्ली आहेत. तेराव्याला माय म्हणाली होती, "तेंचा तुकडा नेलता ना तपासायला? त्याचं काय झालं?" मी चिठ्ठी तिच्या हातात कोंबली आणि म्हणाले, "ठेव ही. मी आणते." ते फक्त तिला गप्प करायला. ती चिठ्ठी नंतर कधी माझ्या नजरेला पडली नाही आणि मीही कधी विचारली नाही. शोधायची वेळ येऊ नये अशीच माझी इच्छा होती.

म्हणून या वेळी मी तापल्या तव्यावर पाय ठेवल्यासारखी फिरत होते. एकदा हलगर्जीपणा केलेल्या बाईवर देव पुन्हा तीच वेळ आणतो ती काही चांगलं दाखवायला नाही, असं मला राहून राहून वाटायचं. मायच्या रिपोर्टात वाईट निघालं तर ती बाबांच्या वेळच्या चुकीची शिक्षा मला मिळाली असं मी धरून चालले होते. मी विज्ञान मानते, शाळेत मुलांना तेच सांगते. पण मनातलं हे गणित मी कुणालाही तपासू दिलं नव्हतं.

आठव्या दिवशी लॅबच्या बाई म्हणाल्या, "तयार आहे. या."

"काय आहे त्यात?"

"फोनवर सांगत नाहीत मॅडम. या तुम्ही."

मी एकटीच जाणार होते, पण माय पिशवी घेऊन दारात उभी. "मला गावाकडं जायचंय. अन् डाक्टरला एक इचारायचंय." वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. बसमध्ये मी 'या तुम्ही' हे दोन शब्द नांदेडपर्यंत चघळत गेले. चांगलं असतं तर त्यांनी सांगून टाकलं असतं. वाईट असतं तर आवाज वेगळा असता. आवाज वेगळाच होता का? माय खिडकीतून कुणाच्या रानातलं पीक काढून झालंय ते बघत होती.

लॅबच्या खिडकीपुढे रांग होती. माझा नंबर आला, पाकीट मिळालं, मी ते तिथंच फाडलं. इंग्रजी ओळींत मला एक 'नो' दिसला, पण तो कुठल्या शब्दाच्या आधी लागलाय ते डोळ्यांत पाणी आल्यानं वाचता येईना. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "कॅन्सर नाही. पोटात जंतू आहेत आणि दुखण्याच्या गोळ्यांनी झालेली जखम आहे. चौदा दिवस औषध घ्यायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. मग दीड-दोन महिने रोज एक गोळी. त्यानंतर जंतू गेले का ते पुन्हा बघू." मी खुर्चीच्या हाताला धरून बसले. आठ दिवसांत पहिल्यांदा मी बसले असेन.

मायनं ते ऐकलं आणि मान हलवली, जशी काही तिला दुसऱ्याच कुणाच्या घरची बातमी सांगितली होती. मग म्हणाली, "सायब, माझा तुकडा?"

मी म्हणाले, "माय, सांगितलं ना तुला, नसतात देत."

"देतात की," डॉक्टर म्हणाले. "मेणात घालून ठेवलेला असतो. मोठ्या दवाखान्यात दाखवायचा असला की लोक घेऊन जातात. खिडकीवर अर्ज द्या."

मी तोंडावर आपटले. सातवीच्या वर्गाला मराठी शिकवणारी मी, आठ दिवस त्या बाईच्या एका साध्या प्रश्नाला वेडेपणा समजत होते. मी अर्ज लिहिला, मायनं त्यावर अंगठा न उठवता आपली चार अक्षरांची सही केली आणि अर्ध्या तासानं खिडकीतून एक लहानशी पिशवी मिळाली. आत पांढरट मेणाचा ठोकळा, आगपेटीच्या निम्म्यानंसुद्धा नाही, त्यावर नंबर. मेणात खसखशीएवढे तीन-चार करडे कण. माय बाकावर बसून तो ठोकळा उजेडाकडे धरून बघत राहिली. "एवढाच?" ती म्हणाली. "ह्याच्यापायी मला आठ दिस कोंडलंस."

मग तिनं कमरेची चंची काढली, दोरी सोडली. आतल्या कप्प्यातून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक घडी काढली आणि माझ्यापुढे धरली. घड्यांवर झिजून कागदाचे चार भाग व्हायला आले होते. वर याच दवाखान्याचं नाव, बाबांचं नाव, नंबर.

"आता हा बी आण," माय म्हणाली. "आणते म्हणली व्हतीस."

चंचीला हात का लावू देत नव्हती, नांदेडचाच हट्ट का होता, ते सगळं एका क्षणात कळलं. ही बाई स्वतःचा तुकडा मागत होती तो देतात की नाही ते बघायला. माझा देतात तर त्यांचाही देतील. मला वाटलं होतं ती स्वतःच्या सरणाची काळजी करते.

चिठ्ठी घेऊन मी पुन्हा रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे पाच माणसं होती. खिडकीवरच्या माणसानं चिठ्ठी उलटसुलट केली. "मॅडम, हे कधीचं?"

"एकोणीस वर्षांपूर्वीचं."

"इतकं जुनं कुणी ठेवत नाही हो. इमारतसुद्धा नवीन आहे आता." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तेव्हाच न्यायला पाहिजे होतं."

"हो," मी म्हणाले. "तेव्हाच न्यायला पाहिजे होतं."

बाकापाशी परत आले, मायच्या शेजारी बसले आणि सांगितलं. नवऱ्याला, भावाला, कुणालाही सांगितलं नव्हतं ते. "माय, आता ते नाही मिळत. आणि तेव्हा मिळत होतं, तर मी आणायला गेलेच नाही. नऊ दिवस गेले नाही."

मायनं चिठ्ठीच्या घड्या नीट केल्या. मग म्हणाली, "तुझा पाठ व्हता."

"तुला कुणी सांगितलं?"

"तेच म्हणले व्हते. मी रोज म्हणायची, पोरीला सांगावा धाडा, कागद आणंल. तर म्हणायचे, तिचा पाठ हाय, तिला तरास देऊ नको. पाठ झाला की आणंल." तिनं चिठ्ठी मेणाच्या ठोकळ्याभोवती गुंडाळली, दोन्ही चंचीच्या एकाच कप्प्यात घातलं आणि दोरी बांधली. "इचारून आलीस न्हवं आता? झालं. ऊठ, बस चुकंल."

लोह्याला माय उठली तेव्हा मी तिचा पदर धरला नाही. तिची पिशवी घेऊन मीही उतरले. गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. भाऊ रानात होता. वहिनी दारात भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभीच होती. कुणी सांगितलं नसताना. तिनं मायच्या पायावर पाणी घातलं, तुकडा वरून उतरला आणि बाजूला टाकला. माय उंबरा ओलांडून आत गेली. तिच्यामागून मीही पाय उचलला, तर तिनं आतून हात आडवा धरला.

"थांब. हिच्यावरूनबी उतरून टाक," ती वहिनीला म्हणाली.

"मला काय झालंय?" मी म्हणाले.

"तूबी दवाखान्यातूनच आलीस की," माय म्हणाली. "लई वर्सांनी."

वहिनी दुसरा तुकडा मोडून आणायला आत गेली. ती येईपर्यंत मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले.